बर्फातल्या तीन बाटल्या

२३ जानेवारी, शुक्रवार

दीपकची केमोची दुसरी सायकल संपली आज. पाच दिवस ओळीने सलाइन, आणि पाचही दिवस एका हातात बादली, दुसऱ्या हातात मोबाइलवर क्रिकेट. वय सव्वीस, धाग्याच्या कंपनीत मशीनवर, आमलीत खोली. अंडकोषाचा कॅन्सर. कंपनीत सांगितलंय हर्निया. तिथे सगळे चोपडा-यावलकडचे, एकाला कळलं की चहा होईपर्यंत गावात कळणार. बायको रूपाली माझं प्रत्येक वाक्य वहीत उतरवते. मी शिंकले तर तेही लिहील, तारखेसकट.

रक्तातला कॅन्सरचा आकडा चांगलाच उतरलाय. देसाई सर रिपोर्ट बघून हसले, म्हणजे त्यांच्या मानाने हसले. सुरतहून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस सहा खुर्च्यांचं हे केमो सेंटर म्हणजे मी, आयाबाई आणि सरांचा फोन नंबर. "सिस्टर, ये लड़का पूरा ठीक होगा. एक सायकल और. लेकिन टाइम पे." तारीख ९ फेब्रुवारी, सोमवार. रूपालीने वहीत दोनदा रेघ ओढली.

निघताना खालच्या मेडिकलमधून मुकेशभाईंनी हाक मारली. "बेन, सिसप्लॅटिन नथी आवतुं." दीपकचं मुख्य औषध तेच. मी म्हटलं आज नाही तर सोमवारी येईल. ते काच पुसत राहिले. मुकेशभाई काच पुसायला लागले की समजावं, गोष्ट बरी नाही.

२४ जाने., शनि.

कपाट उघडून बघितलं. सिसप्लॅटिनच्या, आमच्या तोंडी नुसतं सिस, मोठ्या बाटल्या चार, छोटी एक. एकट्या दीपकलाच तिसऱ्या सायकलला तीन मोठ्या आणि ती छोटी लागणार. त्याच्याशिवाय सिसवर आणखी चार पेशंट.

मी जोड्या लावते. दोन पेशंट एकाच दिवशी बोलवायचे, एकाच्या बाटलीत उरलेलं दुसऱ्याला. थेंब वाया जात नाही. सर म्हणतात सिस्टर मागच्या जन्मी भाजीवाली असणार. म्हणू देत. आज बसून नवीन जोड्या लावल्या, खोडल्या, परत लावल्या. कशाही लावा, पाच माणसं चार बाटल्यांत बसत नाहीत.

२७ जाने., मंगळ.

आज माझं तोंड सुटलं.

दीपकच्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते बर्फात ठेवायचं असतं. रूपालीने आणलं पर्समध्ये. चाव्या, कंगवा, हातरुमाल आणि इंजेक्शन. बाहेर ऊन, वर रिक्षात पाऊण तास. बाटली हाताला कोमट लागली. सगळ्यांसमोर बोलले तिला. "अगं, हे औषध आहे का पानसुपारी? लिही वहीत. काहीही इंजेक्शन असो, माझ्या दारात येईल ते बर्फात येईल. थर्मास घे, बर्फ घाल, मग ये." तिने मान खाली घालून लिहिलं. दीपक खुर्चीतून म्हणाला, "ताई, बरं शे, आणीन ती परत." तेव्हा कुठे गप्प बसले.

बाई तेवीस वर्षांची आहे. घरी जाताना वाईट वाटलं, पण बोलल्याशिवाय लोक ऐकत नाहीत हेही खरं.

बाकी: लांबून आलेले दोघं होते, एक उमरगावचे काका, एक खानवेलची बाई. मला परत पाठवणं जिवावर आलं. सरांना म्हटलं देऊन टाकू, शुक्रवारपर्यंत माल येईल. दोन मोठ्या बाटल्या गेल्या.

दुपारी मुकेशभाई स्वतः वर आले. बनवणाऱ्या कंपनीची लाइन बंद आहे म्हणे, तपासणीत काही निघालं. कधी सुरू होणार ते कुणी सांगत नाही. वापी नाही, वलसाड नाही, सुरतेतही मोठ्या हॉस्पिटलांनी आपापलं धरून ठेवलंय. आमच्यासारख्या सहा खुर्च्यांना कोण विचारतो.

मीच म्हटलं होतं देऊन टाकू.

सरांनी मग कागद पुढे ओढला. कोणाचं औषध बदलता येईल, कोणाला थांबवता येईल. काकांना दुसरं चालेल. खानवेलच्या बाईंना आणि आणखी एकाला चालेल. सुरंगीच्या सोमीबाईंना दुसरं चाललं असतं, पण त्यांच्या किडनीच्या त्रासापायी सरांना... नाही, उलट लिहिलं. किडनी ठीक आहे, दुसऱ्या औषधाने मागे प्लेटलेट्स एकदम पडल्या होत्या, म्हणून सिसच. पण थांबवता येईल. दीपकच्या नावासमोर सरांनी गोल काढला. "इसका न बदल सकते हैं, न रोक सकते हैं. बदला तो जो आदमी बचने वाला है, वो नहीं बचेगा."

कपाटात आता मोठ्या दोन, छोटी एक. दीपकला एक मोठी कमी. फक्त एक.

३० जाने., शुक्र.

सोमीबाई आल्या, सुरंगीहून, शेअर टेम्पोने. मुलगा शंकर बरोबर. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पसरलेला. बरा नाही होणार, पण सिस सुरू झाल्यापासून अंगावरून जाणं थांबलंय, जेवते, शेतावर जाऊन बसते. आज तिच्या डोसची तारीख होती.

खुर्चीत बसून हात उघडा करून तयार. मी म्हटलं, "सोमीबाई, आज सुई नाही. डॉक्टरांनी सुट्टी दिलीय तुम्हाला." माझ्या तोंडून असं निघालं. औषध नाही हे बोलवेना.

"सुट्टी? मंग मी बरी झाली का, बाय?"

मी तिचा बीपी घ्यायला लागले. कानात नळ्या घातल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

पिशवीतून वालाच्या शेंगा काढून दिल्या तिने, तीन मुठी. बरी झाल्याच्या आनंदाने. घेतल्या मी. काय करणार होते.

शंकरने मात्र आईला उठवलं. तिशीचा माणूस, जंगलखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. आईला बाकावर बसवून खाली गेला, मुकेशभाईंच्या काउंटरवर आईचा कागद ठेवला, म्हणाला, आलं की पहिलं नाव आमचं लिहा. म्हणजे त्याला कळलं. त्याने मला काहीच विचारलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

१ फेब्रु., रवि.

घरीच, डोकमर्डीत, दिवसभर. कपडे, मसाला, आईला फोन. वालाच्या शेंगांची भाजी केली, हे म्हणाले छान झाली, मला घास उतरेना.

ह्यांच्या कंपनीत औषधांच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या टोप्या बनतात. ह्यांना म्हटलं, इथे गल्लोगल्ली औषध बनतंय आणि माझं कपाट रिकामं. हे म्हणाले, "आमच्याकडे टोप्यांचा ढीग पडलाय, उचलायला कोणी येत नाही. आता कळलं का ते." पहिल्यांदाच ह्यांच्या कामाशी माझ्या कामाचा संबंध आला, तोही असा.

३ फेब्रु., मंगळ.

दीपक रक्त द्यायला आला. पेशी वर आल्यात, सोमवारी सुरू करता येईल. शरीर तयार आहे, औषध नाही. उलटं असतं नेहमी.

सरांनी त्याला आणि रूपालीला आत बोलावून स्पष्ट सांगितलं. एक बाटली कमी आहे. तीन दिवसांचं आहे, चौथ्या-पाचव्याचं पूर्ण नाही. आठवडाभर थांबावं का? सर म्हणाले नाही, गाठ वाट बघत नाही. सोमवारी सुरू करायचं आणि गुरुवारपर्यंत एक बाटली पैदा करायची. तुम्ही शोधा, आम्ही शोधतो.

दीपक बाहेर येऊन म्हणाला, "ताई, मला आधी वाटायचं, झालाच आजार तर मरू. आता तुम्ही म्हणता बरा होतो, आणि आता म्हणता बाटली नाही. आधीच बरं होतं." त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्यांदाच त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

सायंकाळी सहा जणांना फोन. माझ्या बॅचची एक धुळ्याला आहे, एक नाशिकला. दोघींकडे तेच रडगाणं.

५ फेब्रु., गुरु.

मिळाल्या!

रूपालीचा मामा नाशिकला एका हॉस्पिटलात वॉर्डात कामाला आहे. त्याने कुठल्यातरी दुकानाच्या मागच्या खणातून तीन मोठ्या बाटल्या शोधल्या. तीनच होत्या, तिन्ही धरून ठेवल्या. रूपाली शनिवारी स्वतः जाणार, रविवारी परत. कुरियर नको म्हणाली, माझा विश्वास नाही.

बारा वाजता फोन आला तिचा. मी तेव्हा एका आजोबांच्या हातावर शीर शोधत होते, तिसरा प्रयत्न, आजोबा शिव्या देत होते. फोन खांद्यावर.

"ताई, तीन आहेत. एक आमची, बाकीच्या दोन तुम्ही ठेवा, कोणालाही लागतील." मला भरूनच आलं.

"ताई, कशात आणू?"

"नेहमीसारखं. वहीत लिहिलंय ना."

"हो ताई."

लगेच शंकरला फोन केला. पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन या, औषध येतंय. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, परवापासून परत जातंय तिच्या अंगावरून. म्हटलं, शुक्रवारी नक्की.

आज झोप लागेल.

८ फेब्रु., रवि.

रूपालीचा दुपारी मेसेज, गाडीत बसले. थर्मासचा फोटो. मी अंगठा पाठवला.

अंगठा पाठवला मी. लिहून ठेवते. फोटो मोठा करून बघितला नाही.

९ फेब्रु., सोम.

अक्षर वाईट येतंय आज.

सकाळी पावणेनऊला रूपाली दारात. डोळे तांबारलेले, केसांत धूळ, कडेवर धरल्यासारखा थर्मास. थर्मास बघून मला वाटलं गंमत करतेय. झाकण उघडलं तर बर्फ. गळ्यापर्यंत बर्फ. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत तीन बाटल्या.

"शनिवार दुपारपासून एकदाही पाणी होऊ दिलं नाही ताई. नाशिकला बदलला, पेठला गाडी थांबली तेव्हा रसवंतीवाल्याकडून घेतला, घरी आल्यावर मच्छीवालीकडून. सकाळी परत."

सिसला थंडी चालत नाही. कपाटातल्या अर्ध्याअधिक औषधांना फ्रिज लागतो, याला फ्रिज मारतो. गारठलं की आतलं औषध पाण्यातून सुटतं आणि तळाला बसतं. हे मला नर्सिंगच्या पोरीही झोपेत सांगतील. मला माहीत आहे म्हणून मी कधी कोणाला सांगितलंच नाही. पेशंटच्या माणसांनी सिस आणायची वेळच आली नव्हती, मुकेशभाई द्यायचे, कपाटात जायचं. पेशंट आणतात ती पेशींची इंजेक्शनं, ती बर्फातली. म्हणून माझी आपली एक पाटी सगळ्यांसाठी. काहीही इंजेक्शन असो.

बाटल्या ट्यूबलाइटसमोर धरल्या. तिघींच्या तळाला पिवळी कणी. हलवली तर वर आली आणि परत बसली.

रूपाली माझ्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीसाठी. मी म्हटलं, "छान आणलंस."

मग आपल्याकडच्या बाटलीतून दीपकचा पहिला दिवस सुरू केला. नीट झाला. तो दिवसभर खुशीत. एकदाच उलटी.

सरांना जिन्यात जाऊन फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग: "बाहर रखिए, अंधेरे में, रूम टेम्परेचर. गरम पानी में मत डालना. कल देखता हूँ." गरम पाण्यात घालायचा विचार माझ्या डोक्यात आलाच होता, त्यांना कसं कळलं कोण जाणे.

तिन्ही बाटल्या कपाटात, काळ्या कागदात. पाच वेळा उघडून बघितल्या.

१० फेब्रु., मंगळ.

दीपक दिवस दुसरा. ठीक.

सकाळी आल्याआल्या कपाट. एक बाटली स्वच्छ वाटतेय. दोघींत कणी आहेच, कालच्यापेक्षा कमी.

सरांनी बाटली धरून बघितली, चष्मा लावून, चष्मा काढून. खोक्यातलं पत्रक वाचलं. त्यात सरळ लिहिलंय, कणी दिसली तर वापरू नका. परत विरघळली तर काय, ते लिहिलेलं नाही. सुरतेच्या कुणा मोठ्या फार्मासिस्टला फोन लावला त्यांनी. तो म्हणाला काही ठिकाणी वापरतात, पण वापरा असं मी सांगणार नाही.

मी म्हटलं, सर, साफ दिसतेय की. सर म्हणाले, "दिखने में साफ है. अंदर दवा पूरी है या आधी, ये आपकी आँख नहीं बता सकती." दीपकला ही द्यायची नाही, हे मात्र ठाम. बरा होणाऱ्या माणसावर प्रयोग नको.

मग सोमीबाईंना? मी विचारलं. सर म्हणाले, शुक्रवारी बघू. दोघंही एकमेकांकडे न बघता बोललो.

रूपालीला सांगितलं नाही. ती बाहेर बाकावर आयाबाईला नाशिकची गोष्ट सांगत होती, रसवंतीवाल्यासकट.

११ फेब्रु., बुध.

दिवस तिसरा. आमच्या दोन्ही मोठ्या संपल्या. छोटी राहिली.

सांगावंच लागलं. दोघांना एकत्र सांगितलं, दीपकची सलाइन चालू असताना. औषध गारठलंय. उद्याचं नाही. वापरता येणार नाही.

रूपालीने पिशवीतून वही काढली. पानं उलटली, २७ जानेवारी काढली, वही माझ्यासमोर धरली. माझंच वाक्य, जसंच्या तसं, पानसुपारीसकट. त्याच्याखाली ५ फेब्रुवारी: 'ताई म्हणाल्या नेहमीसारखं.'

"मग ताई, माझी चूक नाही ना?"

भांडायला दाखवत नव्हती. खरंच विचारत होती. तिला दोन रात्रींची जागरणं, ते बर्फाचे खडे, सगळं आठवत असणार, आणि तिला एवढंच हवं होतं की नवऱ्याला आपण मारलं नाही.

"नाही. तुझी नाही. माझी आहे." मोठ्याने बोलले, आयाबाईला ऐकू जाईल असं. त्या दिवशी तिला बोलले होते तेही सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

दीपकने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, उद्याचं बघा ना काहीतरी."

बाथरूममध्ये जाऊन रडले. वीस वर्षांत कामावर दुसऱ्यांदा. मग तोंड धुऊन मुकेशभाईंकडे गेले आणि सांगितलं, भाई, दमण, बोईसर, पालघर, कुठेही. हात जोडले. त्यांनी काच पुसायची सोडून फोन उचलला.

१२ फेब्रु., गुरु.

आली. एक. मोठी. सकाळी साडेनऊला मुकेशभाई स्वतः पायऱ्या चढून वर, धापा टाकत. खोक्याला हात लावून बघितलं, गार नाही. प्रकाशात धरली. स्वच्छ.

ही आणि आपली छोटी, दीपकचे दोन्ही दिवस होतात. माय वं, किती हलकं वाटलं.

मग खोक्यावर बघितलं. पेनाने गुजरातीत लिहिलेलं, 'सुरंगी'.

"बेन, आ सुरंगीवाळा भाईना नामनी छे." शंकर दर दोन दिवसांनी येऊन विचारून जातो म्हणे. रोपवाटिकेतून सुटला की सायकलने खानवेल, तिथून टेम्पो. माझ्याकडे वर येत नाही, काउंटरवर विचारतो आणि परत जातो. पहिलं नाव त्याचं. मुकेशभाईंनी वचन दिलेलं. "तमे लई जाओ. पण एने हुं शुं कहुं?" त्याला काय सांगू, हे मलाच विचारतात.

सरांना फोन. मी सगळं सांगितलं, नाव लिहिलंय तेही. सर म्हणाले, दीपक. विचार न करता म्हणाले असं नाही, पण म्हणाले लगेच. मग म्हणाले, सिस्टर, डिसीजन मेरा है, आपका नहीं. भला माणूस. पण झाकण उघडणारा हात माझा आहे.

दिलं. दिवस चौथा. चांगला गेला.

दुपारी शंकरला फोन करायला हवा होता, उद्या येऊ नका म्हणून. आईला टेम्पोत हादरे खात कशाला आणायचं. रेंज नव्हती असं लिहिलं असतं, पण रेंज होती. फोन हातात घेऊन बसले आणि ठेवून दिला. उद्या सर आहेत, समोरासमोर सांगतील, अशी स्वतःची समजूत घातली. भित्री आहे मी. दुसऱ्यांवर ओरडणारी माणसं बहुतेक भित्रीच असतात.

काळ्या कागदातल्या तीन: दोन पूर्ण स्वच्छ. तिसरीत किंचित आहे अजून.

१३ फेब्रु., शुक्र. सकाळ, टेबलावरच लिहितेय

साडेआठला दीपकचा पाचवा दिवस लावला. शेवटचा. रूपालीने आज वही आणली नाही. पेढे आणलेत, संपल्यावर वाटणार म्हणाली. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही, तोलून मापून.

नऊला सोमीबाई. चेहरा पांढरा पडलाय, पंधरा दिवसांत निम्मी झाली बाई. शंकरच्या खांद्यावर हात टाकून जिना चढली. दीपकच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथेच बसली, हात उघडा करून माझ्यासमोर धरला. म्हणाली, "आज सुट्टी नको देवूस, बाय. सुट्टी नाय सोसत माना."

मी काय करणार. सर साडेदहाला येतात. सिसच्या आधी दोन तास नुसतं पाणी चढवावंच लागतं, तेवढं तर मी करू शकते. शीर एका सुईत सापडली. सलाइन सुरू केलं.

दीपकने पेढा काढून तिला दिला. संपायच्या आधीच. तिने अर्धा मोडून पदरात बांधला, घरी नातीला. त्याला विचारलं, "तुला बी तेच चाललाय?" तो म्हणाला, "हो आजी, तेच." आणि मग माझ्याकडे बघितलं त्याने. त्याला मी सांगितलं नव्हतं की कालची बाटली कोणाच्या नावाची. कोणी सांगितलं कोण जाणे. कदाचित कोणीच नाही.

शंकर कपाटाशी उभा. काळा कागद मीच उघडा टाकला होता सकाळी.

"बाई, त्या तीन भरलेल्या आहेत ना? त्यातली द्या."

"त्या बिघडल्यात."

"साफ तर दिसतात."

रूपाली बाकावरून उठली. "त्या मी आणल्या आहेत," म्हणाली. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. दोघंही.

मला म्हणायचं होतं, दीपकला जे चालत नाही ते तुझ्या आईला कसं देऊ. आणि मला हेही म्हणायचं होतं, देते, यातलं अर्धं जरी आत गेलं तरी तिचं रक्त थांबेल. शंकरला एवढंच म्हटलं, सर येतील.

दहा पंचवीस. खाली सरांची गाडी लागली. सोमीबाईंचा डोळा लागलाय, चेहरा जरा निवलाय. पाणी चढतंय तिला नुसतं, निम्मी बाटली झाली. तिला वाटतंय औषध सुरू झालं.